नदीकांठचा बाजार

प्रवासाला निघावयाचें म्हटलें म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांचीं पावलें ठराविक दिशांनाच वळतात. भाविक माणसें क्षेत्रीं जातात, हौशी माणसें थंड हवेच्या ठिकाणीं जातात आणि इतिहासाची गोडी असलेलीं किल्ले चढतात. या वाटांवर मध्यें एखादें बाजाराचें गांव लागतें. तेथें गाडी थांबते, चहा होतो, मुलांना केळीं घेतलीं जातात आणि गाडी पुढें सुटते. त्या गांवांत पाहण्यासारखें कांहीं असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. आमचें मत याच्या उलट आहे. एखादा मुलूख कसा जगतो हें जाणून घ्यावयाचें असेल, तर त्याची बाजारपेठ बाजाराच्या दिवशीं पाहावी. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांना कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लज या गांवीं घेऊन जाणार आहों.

या गांवाला रेल्वे नाहीं. मोटारीनेंच जावें लागतें. कोल्हापुराहून निघून कागलच्या पुढें दूधगंगा ओलांडली कीं रस्त्यावरील पाट्यांची लिपि पालटते. निपाणी मागें पडते, तवंदीचा घाट लागतो, संकेश्वर येतें. तेथें मोठा रस्ता सोडून पश्चिमेस वळलें म्हणजे थोड्याच वेळांत पुन्हां मराठी पाट्या दिसूं लागतात. एकाच जिल्ह्यांतील एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातांना मध्यें परराज्य लागावें, याचें नवख्या प्रवाशास नवल वाटतें. गडहिंग्लज पूर्वी कोल्हापूर संस्थानांत होतें. १ मार्च १९४९ रोजीं तें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां निपाणी व संकेश्वर कानडी राज्यांत गेलीं आणि बेळगांव जिल्ह्यांतील चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला मिळालें. नकाशावर रेघ ओढली गेली. बाजाराच्या वाटा मात्र पूर्वीच्याच राहिल्या.

या वाटा घातल्या त्या मूळ हिरण्यकेशी नदीनें. आंबोलीजवळच्या डोंगरांत, हिरण्यकेशीच्या देवळापाशीं, एका गुहेतून ती बाहेर पडते. तेथून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशीं गांवें घेत ती पूर्वेकडे जाते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा पुढें कृष्णेला मिळते. आंबोलीस वर्षाकांठीं सुमारें ७,५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें जवळजवळ तीनशें इंच पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकावें तसा तो झपाट्यानें कमी होतो. त्यामुळें एकाच नदीच्या कांठीं वर भात व काजू, मध्यें नाचणी व भुईमूग आणि खालीं ज्वारी व मिरची अशी पिकांची उतरंड लागलेली आहे. ज्याच्यापाशीं तांदूळ आहे त्याला ज्वारी हवी, ज्याच्यापाशीं मिरची आहे त्याला तांदूळ हवा. शिवाय संकेश्वराहून आजरा व आंबोलीवरून कोंकणांत उतरणारा रस्ताही याच गांवावरून जातो. असा मिलाफ जेथें होतो तेथें बाजार भरावयाचाच.

आठवड्याचा बाजार रविवारीं भरतो. आम्ही तो पाहिला तेव्हां माघ महिना होता आणि ऊन कोंवळें होतें. आजऱ्याकडील बायका घनसाळ तांदूळ घेऊन बसल्या होत्या. हा बारीक, सुवासिक तांदूळ. २०१६ सालीं त्याला भौगोलिक मानांकन मिळालें, परंतु त्याचा वास घेण्यासाठीं मानांकनाची गरज पडत नाहीं. पलीकडे गूळ, पालेभाज्या, घोंगडीं आणि विळे-कोयते होते. मराठींत भाव विचारावा, उत्तर कानडींत यावें आणि सौदा दोहोंच्या मिश्रणांत तुटावा, असें तेथें घडोघडीं चाललें होतें. कोणीही दुसऱ्याला त्याची भाषा विचारीत नव्हतें. विचारीत होते तें एवढेंच, कीं माल जवारी आहे कीं संकरित? जवारी म्हणजे देशी, मूळच्या वाणाचा. हा शब्द दोन्ही भाषांनीं वांटून घेतलेला आहे.

जवारी मालांत या पेठेचा मान मिरचीला. येथें सौद्याला येणारी मिरची संकेश्वरी या नांवानें ओळखली जाते. म्हणजे नांव रेघेच्या त्या बाजूच्या गांवाचें आणि प्रसिद्ध पेठ या बाजूची! ती बोटाहून लांब, अंगानें सडपातळ, रंगानें लाल आणि तिखटपणांत कोणास हार न जाणारी. हिंवाळ्यांत ती बाजार समितीच्या आवारांत येऊं लागली कीं आंत पाऊल टाकतांच ठसका लागतो. मालाचे ढीग मांडलेले असतात. व्यापारी मूठभर मिरच्या उचलून देंठ पाहतो, एखादी मोडून बीं पाहतो, मग बोली लागते. पूर्वी महाराष्ट्रांतील पुष्कळ पेठांत हीच बोली रुमालाखालीं, बोटांच्या खुणांनीं होत असे. आपल्या मालाला काय भाव लागला हें शेतकऱ्यास कळतही नसे. मुंबई इलाख्याचा बाजार कायदा १९३९ सालीं झाला आणि महाराष्ट्राचा १९६३ सालीं. त्यांनीं बोली उघड्यावर आणली. शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा भाव कानांनीं ऐकूं येणें, ही सुधारणा दिसावयास लहान, पण मोलाची आहे.

येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. मिरची आमच्या देशाची नव्हे. ती अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत ती या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आमच्या स्वयंपाकांत तिखटपणा येई तो मिऱ्यांचा. म्हणून मराठींत ती मिऱ्यावरून मिरची झाली. कानडींत मिऱ्यांना मेणसु म्हणतात आणि मिरचीला मेणसिनकाई, म्हणजे मिऱ्याचें फळ. दोन शेजारणींनीं एका परक्या पाहुणीचें बारसें एकमेकींना न विचारतां सारखेंच केलें! आज तीच पाहुणी जवारी म्हणून मिरवते. परक्याला आपलेंसें करून घेण्याची बाजाराची ही शक्ति शाळेच्या पुस्तकांत शिकवावी इतकी मोठी आहे.

नदीकांठच्या पेठेचें हें रूप केवळ आमच्याकडचें नव्हे. आफ्रिकेंत सोमालियाच्या देशीं शेबेले नदीच्या दोन्ही कांठांवर बेलेदवेने नांवाचें बाजाराचें शहर आहे. तेथेंही सीमा जवळच, इथिओपियाची. आणि नदीही त्या पलीकडच्या डोंगराळ मुलखांतून येते. गांवांत पावसाचा थेंब नसतांना वरच्या पावसानें तिला पूर येतो. २०२३ सालीं मे आणि नोव्हेंबर अशा दोन महिन्यांत त्या शहराची दैना झाली. गडहिंग्लजकरांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. आंबोली-आजऱ्याकडे धो धो पाऊस लागला कीं येथें भडगांवचा पूल पाण्याखालीं जातो आणि चंदगडची वाट तुटते. २०१९ व २०२१ चे पूर सर्वांच्या स्मरणांत आहेत. नदीकांठचा बाजार दुसऱ्याच्या पावसावर, दुसऱ्याच्या पिकावर आणि दुसऱ्याच्या भुकेवर उभा असतो. एकट्याच्या बळावर तो एक दिवसही भरत नाहीं.

आणि म्हणूनच त्याची काळजी वाटते. हिरण्यकेशीवर ऐनापूर, निलजी, जरळी अशा ठिकाणीं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले, वर चित्रीचें धरण झालें, हरळीस साखर कारखाना निघाला. पाण्याबरोबर ऊंस आला, आणि उंसाबरोबर चार पैसे आले. त्याबद्दल शेतकऱ्यास बोल लावण्याचा अधिकार शहरांत बसून साखर खाणाऱ्या आम्हांस नाहीं. परंतु जवारी मिरचीचें रान त्यामुळें आटत चाललें आहे. तिला कष्ट फार, रोगाचें भय फार, आणि संकरित वाणाइतकें पीक ती देत नाहीं. तिच्या बियांची जपणूक बहुतेक शेतकऱ्याच्या घरींच होते. ज्या घरानें दोन-तीन वर्षें ती लावली नाहीं, त्या घरांतून तें बीं गेलेंच म्हणावयाचें.

आमच्या वाचकभगिनी विचारतील, यांत आम्ही काय करावें? उपाय अगदीं साधा आहे. आपल्या घरांत तिखट आतां बहुधा तयार पुडींतून येतें. त्यांत कोणती मिरची आहे हें पुडी सांगत नाहीं आणि आपणही विचारीत नाहीं. वर्षाचें तिखट करतांना मिरची देंठासकट आणावी, तिचें गांव विचारावें. रंगासाठीं ब्याडगी आणि तिखटासाठीं संकेश्वरी, हें प्रमाण आमच्या आजींना पाठ होतें. तें लेकी-सुनांना सांगावें. गिऱ्हाइकानें नांव घेऊन मागितलेला माल व्यापारी शोधीत जातो, आणि व्यापाऱ्यानें शोधलेला माल शेतकरी पेरतो. बाजाराची ही सांखळी आपल्या फळीवरील तिखटाच्या बरणीपासूनच सुरू होते.

ज्यांना जमेल त्यांनीं हिंवाळ्यांतील एखादा रविवार या गांवीं काढावा. सकाळीं बाजार पाहावा. दुपारीं जवळच्या सामानगडावर जावें, जेथून १८४४ सालीं गडकऱ्यांचें बंड पेटलें. एक दिवस अधिक असेल तर नेसरीची खिंडही पाहावी, जेथें २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं प्रतापराव गुजर सहा सोबत्यांसह पडले. परततांना पिशवींत थोडा घनसाळ आणि थोडी जवारी मिरची असावी. किल्ल्यावरून माणूस पूर्वजांचा अभिमान घेऊन येतो. बाजारांतून तो आपण कोणाकोणाच्या कष्टांवर जेवतों याची जाणीव घेऊन येतो. घरच्या मुलांना या दोन्ही गोष्टी मिळाव्यात असें आम्हांस वाटतें.