माव्याची तीन शतके

फ्रान्सचा निसर्गअभ्यासक रेओम्युर याने १७३४च्या सुमारास बागायतदारांना सुचवले होते की काचघरातल्या झाडांवर मावा पडला, तर मावा खाणाऱ्या किड्यांची अंडी शोधून आणून आत ठेवावीत. पुढे १७४० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने याने जन्मापासून एकटी कोंडलेली माव्याची मादी रोज न्याहाळली; नराशिवाय तिला ९५ पिले झाली. ही कीड कशी वाढते आणि तिला कोण आवरते, हे दोन्ही अशा रीतीने तेव्हाच कळले होते.

इंग्लंडमधल्या चेशंटच्या संशोधन केंद्राने १९२६ नंतर टोमॅटोच्या काचघरांना पांढऱ्या माशीवर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी पुरवली. चाळीसच्या दशकात डीडीटी आले आणि हा पुरवठा बंद पडला. किडी औषधाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा तीच गांधीलमाशी काही दशकांनी पुन्हा शोधावी लागली.

आपल्याकडे राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८चे आणि देशाचा कीटकनाशक कायदाही त्याच वर्षीचा. पण फवाऱ्याच्या भरवशाची खरी परीक्षा झाली ती उसात. २००२ साली सांगली जिल्ह्यात आढळलेला लोकरी मावा पाहता पाहता राज्याच्या ऊसपट्ट्यात पसरला. पानांखाली पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काजळी. आणि पुरुषभर उंच फडात पंप घेऊन शिरायला वाट नाही. अखेर उपयोगी पडले ते कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक. त्यांच्या अळ्या असलेली पाने एका फडातून कापून दुसऱ्या फडात लावली गेली, आणि जिथे ते दिसतील तिथे फवारणी करू नका, असे शेतकऱ्यांना सांगावे लागले. साखर कारखानदारीवर उभ्या राहिलेल्या नगर जिल्ह्याला हा धडा परका नसावा.

तरीही आज याच जिल्ह्यातल्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीचे वा काकडीचे शेंडे वळू लागले, की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो आणि दर आठवड्याला त्याच गटातले औषध फिरते. मला याची चिंता वाटते, कारण मादीमागून मादी जन्मणाऱ्या या किडीत औषधाला पुरून उरलेली एक मादीही आपल्यासारख्याच लेकी वाढवत जाते. त्यात युरियाचा हात सैल असला, तर कोवळ्या, रसाळ पालवीवर मावा अधिकच फोफावतो. पिवळे चिकट सापळे, बांधावरच्या तणाची स्वच्छता, ५ टक्के निंबोळी अर्क, दमट संध्याकाळी फवारलेली लेकॅनिसिलियम बुरशी हे उपाय संथ आहेत, पण ते मित्रकीटकांना बरेचसे जगू देतात.

शेडनेटची अडचण मात्र उसापेक्षा वेगळी आहे. पंखवाला मावा उघड्या दारातून, रोपांबरोबर, कधी जाळीतूनही आत येतो. आत त्याला धुऊन काढणारा पाऊस नसतो, आणि त्याच्यामागून येणारा ढालकिडा जाळीबाहेरच अडतो. त्याला आत न्यायचे, तर ते रेओम्युरने सांगितले तसे, माणसाच्या हातानेच.