आरोग्याची शिदोरी : फोटोत न दिसणारे दुखणे

भाताची लावणी उरकली की पेण-रोह्याच्या गावागावांतून एकच तक्रार ऐकू येते, "कंबर धरली!" दिवसच्या दिवस चिखलात वाकून रोपे लावायची म्हणजे कंबर दुखणारच. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. पण काहींचे भात कापून होते, वाल पेरून होतात, तरी दुखणे हटत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तासन् तास मान वाकवून रंगकाम करणाऱ्यांच्या मानेचेही असेच होते.

मग फोटो काढतात. त्यात विशेष काही निघाले नाही की घरची मंडळी म्हणतात, "फोटो तर चांगला आहे. मग हिला झालंय काय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" त्या माउलीला कंबरेपेक्षा हे बोलणेच जास्त लागते. वाचकहो, हे बोलणे किती चुकीचे आहे ते आज पाहू.

पायात काटा रुतला की त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाते. 'दुखते' ही जाणीव होते ती मेंदूत. राखणीचा कुत्रा चोर आला की भुंकतो, ते बरेच आहे. पण एकदा चोरी झाल्यावर तो पान हलले तरी रात्रभर भुंकू लागला तर? चोर नसतो, पण भुंकणे खरे असते आणि घरच्यांची झोपमोडही खरी असते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या, म्हणजे जुनाट, दुखण्यात पुष्कळदा असेच घडते. मूळ इजा भरून येते, पण मज्जातंतू आणि मेंदू जागता पहारा सोडत नाहीत.

हा नुसता तर्क नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त वाहते, जसे गरज असेल त्या वाफ्याकडे पाटाचे पाणी वळवावे. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० साली दाखवले की हा फरक एमआरआय यंत्राच्या चुंबकाला टिपता येतो. त्यातूनच पुढे जिवंत माणसाचा मेंदू काम करताना या यंत्राने पाहता येऊ लागला.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली कंबरदुखीच्या रोग्यांचे मेंदू असे तपासले. दुखणे नवे असताना नेहमीच्या वेदनेचे भाग जागे दिसले. दुखणे जुने झाल्यावर मात्र भीती, चिंता अशा भावनांशी संबंधित भाग जास्त जागे होते. म्हणजे दुखणे खरेच, फक्त त्याने मुक्काम हलवला.

आनंदाची गोष्ट अशी की हा बदल कायमचा नसतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात, उपचारांनी कंबरदुखी कमी झालेल्या रोग्यांच्या मेंदूचा पातळ झालेला भाग सहा महिन्यांत पुन्हा जाड झालेला आढळला.

म्हणून कोणी मेंदूचा फोटो काढायला मुंबई गाठू नये. ही तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. अमक्याला खरोखर दुखते की नाही हे ठरवायला ती वापरू नये, असे जगातील वेदनातज्ज्ञांनी २०१७ साली बजावले आहे. रोगी सांगतो तोच पुरावा.

उलट बाजूही ध्यानात घ्या. कंबरेच्या एमआरआयमध्ये 'गादी झिजली' असे आले तरी घाबरून जाऊ नये. काहीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र पाहिल्या, तेव्हा पन्नाशीतल्या १०० पैकी ८० जणांत अशी झीज निघाली. केस पिकावेत तशीच ती.

मग करावे काय? अंथरूण धरू नये. रोज थोडे चालावे आणि कामाची सवय हळूहळू वाढवावी. लावणीत अधूनमधून उभे राहून कंबर सरळ करावी. झोप पुरी घ्यावी. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मनानेच रोज घेऊ नयेत, त्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडते.

मात्र पायातील ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप किंवा वजनातील घट सोबत आली, अथवा पडल्यावर दुखणे सुरू झाले, तर एक दिवसही न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे.

आणि घरच्या मंडळींनो, चिंता आणि टोमणे यांनी पहारा आणखी कडक होतो. "तुझे दुखते हे खरे आहे, बरे होईल," एवढे म्हणा, आणि पाण्याचा हंडा जरा तुम्ही उचला. औषधाच्या जोडीला हेही लागतेच.