बोलण्याआधीची शाळा

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. त्या पेठेतील व्यापारी घरांत भाषाही अशाच एकत्र येतात. आजी बाळाशी मारवाडीत बोलते, आई मराठीत, काका फोनवर हिंदीत भाव ठरवितात, आणि दुकानात माल उतरविणाऱ्यांची दखनी उर्दू आतपर्यंत ऐकू येते. नांदेडकडे देगलूर-धर्माबादच्या बाजूला तेलुगूची भर पडते, तर उदगीर-निलंग्याकडे कन्नडची. अशा घरात बाळ जन्मले की एक शंका हमखास निघते: इतक्या भाषांत लेकरू गोंधळणार तर नाही? मग कोणी आजीला मारवाडी बोलू नका असे सुचविते, तर कोणी मोबाइलवर इंग्रजी बालगीते लावून बाळासमोर ठेवते. हे दोन्ही उपाय योजण्यापूर्वी बाळ मुळात शिकते कसे, हे जाणून घेणे हिताचे आहे.

प्रथम वस्तूंचे ज्ञान. खुळखुळ्यावर रुमाल टाकला की पाच-सहा महिन्यांचे बाळ तो शोधीत नाही. आठ-नऊ महिन्यांचे बाळ रुमाल ओढून काढते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून असा निष्कर्ष काढला की, लहान बाळाच्या लेखी दृष्टीआड झालेली वस्तू उरतच नाही. पुढे 1985 मध्ये रेने बायार्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक दृश्य दाखविले. पडद्यामागे ठोकळा असूनही तो पडदा जणू ठोकळ्यातून आरपार गेला. बाळे या अशक्य दृश्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. ठोकळा दिसत नसला तरी तो तेथे आहे, याची काही जाणीव त्यांना होती. हात मात्र अजून त्या जाणिवेच्या मागे होते. म्हणूनच पदराआड तोंड लपवून आजी ‘बुवा कुक’ करते, तेव्हा ती बाळाला केवळ हसवीत नसते. गेलेले माणूस परत येते, हा विश्वास ती त्याला देत असते.

दुसरे ज्ञान जागेचे. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका उंच मेजावर जाड काच बसविली होती. काचेच्या एका बाजूस पृष्ठभाग लगेच खाली होता, तर दुसऱ्या बाजूस खोल खड्डा दिसे. रांगती बाळे आईच्या हाकेने उथळ बाजूवर आली. खोल बाजूवर जाण्यास बहुतेकांनी नकार दिला. पुढे 1985 मधील दुसऱ्या एका प्रयोगात खोली बेताचीच ठेवली होती. तेव्हा वर्षाची बाळे पुढे जाण्यापूर्वी आईच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. चेहरा हसरा असता बरीच बाळे काच ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती दिसताच एकही गेले नाही. उंबरठ्यावर थबकलेले लेकरू मागे वळून पाहते ते याचसाठी. त्या क्षणी आईची नजर मोबाइलमध्ये असेल, तर त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

तिसरे ज्ञान भाषेचे. आणि आजीच्या मारवाडीचा निकाल येथेच लागतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांसारखे ध्वनी ऐकविले. हा भेद इंग्रजीत नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतील बाळांमध्ये मात्र वर्ष होत आले तरी तो भेद टिकून होता. पहिल्या वर्षात कान घरातील आवाजांप्रमाणे घडत जातो. जे ऐकू येते ते पक्के होते, जे येत नाही त्याकडे लक्ष उरत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना एकेका भाषेत प्रारंभी थोडे कमी शब्द येऊ शकतात. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले तर ती मागे नसतात. म्हणून आजीला गप्प बसविण्याचे काही कारण नाही.

मोबाइलचे काय? पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे बारा तास दिले; येथे तास म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटांची बैठक. समोर बसून खेळणी दाखवीत, पुस्तक वाचून दाखवीत बोलणाऱ्या माणसाकडून बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद शिकली. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखविले असता बाळे काहीही शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये, असे सांगितले आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. सहा महिन्यांचे बाळ हाकेकडे मान वळवीत नसेल, किंवा वर्षापर्यंत ‘बाबाबा-दादादा’ असे काहीच उच्चार करीत नसेल, तर ‘आमच्या घरात मुले उशिराच बोलतात’ किंवा ‘घरात भाषा फार आहेत’ अशी समजूत करून घेऊ नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कानांची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणाऱ्या बाळाचे गेलेले महिने पुढे भरून काढणे कठीण जाते.

व्यापारी घराचा दिवस दुकानात जातो, ही अडचण खरी आहे. परंतु बाळाच्या या शाळेला वेगळी वेळ लागत नाही. न्हाऊ घालताना पाण्याचे, भरविताना वाटी-चमच्याचे नाव घ्यावे. त्याने बोट दाखविले की त्या वस्तूविषयी दोन शब्द बोलावे. रात्री दुकान वाढवून घरी आलेल्या वडिलांनी दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून बाळासमोर बसावे. बाळ अजून बोलत नाही म्हणून त्याच्याशी काय बोलायचे, असे म्हणू नये. ते उद्या बोलणार आहे ते आज ऐकलेलेच.