साठ रुग्ण, तेच लवण, तोच प्रबंध

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरला जातो. आतला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. त्या ताणाने कॅटेकोलामाइन्स व व्हॅसोप्रेसिन स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. वायू भरण्यापूर्वी शिरेतून दिलेले मॅग्नेशियम सल्फेट हा चढ आवरते, कारण ते पेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवते आणि कॅल्शियमवाचून अधिवृक्क ग्रंथीतून कॅटेकोलामाइन्स सुटत नाहीत. दक्षिण कोरियातील भूलतज्ज्ञांनी किलोमागे ५० मिलिग्रॅम मात्रा देऊन ३२ रुग्णांच्या चाचणीत हे दाखवले, त्याला काळ लोटला. तो निबंध २००९ सालचा आहे.

मग भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतून हाच प्रश्न अद्याप का विचारला जातो? कधी मात्रा ३० मिलिग्रॅम, कधी ५०. कधी क्लोनिडीनशी तुलना, कधी डेक्समेडेटोमिडीनशी. पन्नास-साठ रुग्ण, दोन-तीन गट, नाडी व रक्तदाबाचे तक्ते आणि अखेरीस अपेक्षित ‘पी’ मूल्य. याचे कारण वैज्ञानिक नाही. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध हवा, आणि तीन वर्षांत एका रुग्णालयात एकट्या विद्यार्थ्याला एवढेच साधते. दोष विद्यार्थ्याचा नव्हे, त्याला एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

त्याहून खटकते ती रुग्णांची निवड. या चाचण्यांत बहुधा धडधाकट प्रौढच घेतले जातात. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचे रुग्ण वगळणे समजण्यासारखे आहे. पण हृदयरोग्यांचे काय? ज्यांना घटकाभर चढलेला रक्तदाब सहज सोसतो त्यांच्यावर औषध तपासायचे आणि ज्यांना तो खरोखर जाचेल त्यांना दाराबाहेर ठेवायचे, हा उफराटा न्याय आहे. शिवाय हे लवण स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा प्रभाव लांबवते. त्याची किंमत रुग्ण जागा होताना मोजावी लागते. तक्त्यांत तिला दुय्यम रकाना मिळतो.

छोट्या चाचण्यांवर विसंबण्याचा धोका याच लवणाने पूर्वी दाखवून दिला आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मॅग्नेशियम दिल्यास मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात, असे १९९१ मध्ये सात लहान चाचण्यांच्या, सुमारे १,३०० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. १९९५ मध्ये ५८,००० हून अधिक रुग्णांच्या ‘आयसिस-४’ चाचणीत तो लाभ सापडलाच नाही. उलट २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत भारतासह ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांनी भाग घेतला, आणि गर्भारपणातील झटक्यांचा धोका मॅग्नेशियमने निम्म्याहून कमी होतो हे निर्विवाद ठरले.

अनिश्चितता निम्मी करायची तर रुग्ण चौपट लागतात. गणिताला यात सवलत मंजूर नाही. वीस महाविद्यालयांनी एकच आराखडा, एकच मात्रा आणि एकच मोजमाप स्वीकारले, तर साठ-साठ रुग्णांचे वीस प्रबंध मिळून १,२०० रुग्णांची एक चाचणी उभी राहते. त्यात विद्यार्थ्याचे स्वतंत्र काम कोणते, असा आक्षेप येईल. एक उपप्रश्न त्याच्याकडे सोपवावा: कोणी जाग येण्याचा वेळ अभ्यासावा, कोणी वेदना, कोणी हृदयरोग्यांचा उपगट. रक्तदाब उतरतो की नाही, हे मात्र आता कोणाला विचारायला लावू नये.