नैराश्याच्या गोळ्या आणि रक्तस्राव: धोका कुठे वाढतो?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या एसएसआरआय गटातील गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका किंचित वाढतो, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये ब्रिटनमधील रुग्णांचा मोठा अभ्यास आला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी सोबत एसएसआरआय घेतल्यास गंभीर रक्तस्रावाचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त दिसला. पहिल्या महिन्यात तो सर्वाधिक होता.

आकडा वाचून घाबरू नका. ३३ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला, असा त्याचा अर्थ नाही. मुळात थोडा असलेला धोका तेवढ्या प्रमाणात वाढला, इतकेच.

असे का होते? जखम झाली की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. त्यासाठी लागणारे सेरोटोनिन त्यांना स्वतः तयार करता येत नाही, त्या ते रक्तातून शोषून घेतात. गोळी नेमके हे शोषणच अडवते. शिवाय जठरातील आम्लही वाढू शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यात मला जास्त काळजी वाटते ती वेदनाशामकांची. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर असोत किंवा गुडघेदुखीने त्रासलेली आजी, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून सहज आणले जाते. मानसोपचाराची चिठ्ठी नगरच्या डॉक्टरांची, ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांचे, अंगदुखीची गोळी गावातल्या दुकानातली. तिन्ही एकत्र कुणीच पाहिलेल्या नसतात. त्यातच नैराश्याचे औषध लोक संकोचाने लपवतात, दाताच्या डॉक्टरांपासून तर हमखास. एसएसआरआय आणि वेदनाशामक एकत्र आले की पोटातील रक्तस्रावाचा धोका चांगलाच वाढतो. दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालेल का, की जठराच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी लागेल, हे डॉक्टरांना विचारा.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी किंवा चक्कर आल्यास लगेच रुग्णालय गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ठरवू द्या डॉक्टरांना.) विनाकारण निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात ही गोळी चालू असेल तर प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा. शेवटच्या महिन्यात घेतल्यास बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किंचित वाढू शकतो, अशी सूचना ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये दिली आहे.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी येते आणि नैराश्य उलटू शकते. मिर्टाझापिन, ब्युप्रोपिऑन यांसारखे पर्याय आहेत, पण बदल डॉक्टरच करतील. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचे असेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. औषधाचा दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ वर कळवू शकतो.