समुद्राला बांध नसतो

दिल्लीच्या उत्तर भागातील टेकडीवर हिंदूराव नावाचा परिसर आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे निवासस्थान एकेकाळी येथे होते. त्यांचेच नाव आज तेथील रुग्णालयाला आणि भोवतालच्या परिसराला लाभले आहे. या टेकडीपासून समुद्र शेकडो कोस दूर. तेव्हा येथे राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वावगा वाटणार नाही. परंतु आषाढात या टेकडीवर कोसळणारा पाऊस समुद्रावरूनच आलेला असतो. टेकडीखालच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतून यमुनेला मिळते, यमुना प्रयाग येथे गंगेला मिळते आणि गंगा बंगालच्या उपसागराला. समुद्र डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यावरून तो आपला कोणी नव्हे असे ठरत नाही.

शेताला बांध असतो. बांधाच्या अलीकडचे माझे, पलीकडचे शेजाऱ्याचे, असा हिशेब तेथे चालतो. समुद्रातही माणसाने असेच बांध घातले आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियम राज्य सरकार करते; त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा अधिकार केंद्र सरकारचा; त्याही पुढे कोणा एकाची सत्ता नाही. कारभारासाठी या रेषा आवश्यक आहेत. मात्र त्या कागदावर असतात, पाण्यात नसतात. प्रवाह, मासे, वादळे आणि प्लास्टिकचा कचरा यांपैकी कोणीही त्या मानत नाही.

या संदर्भात एका कासवाची हकिगत सांगण्याजोगी आहे. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालण्यासाठी आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर ०३२३३ हा क्रमांक कोरलेला होता. शोध घेतला तेव्हा कळले, की ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बसवली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे निरनिराळी असावीत, अशी समजूत होती. त्या समजुतीला या एका मादीने धक्का दिला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागर येथे उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली 'बागेश्री' नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती.

या हकिगतीतील बोध कासवापेक्षा माणसांविषयी अधिक आहे. ओडिशात कोणी पट्टी बसवली. पण कोकणात कोणी तो क्रमांक पाहून टिपून घेतला नसता, तर ती पट्टी म्हणजे धातूचा एक निरुपयोगी तुकडा ठरली असती. समुद्राविषयीचे ज्ञान असे दोन टोकांना दोन माणसे उभी राहिली तरच पूर्ण होते.

कोकणच्या टोकाला उभी राहणारी माणसे एका दिवसात तयार झाली नाहीत. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तेथे आणि आसपासच्या गावांत कासवाची अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखण्याचे काम सुरू केले. अंडी उचलून कुंपणातील वाळूत सुरक्षित ठेवायची आणि पिले बाहेर आली की समुद्रात सोडायची, अशी ही पद्धत. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले आणि गावातील घरांना त्यांच्या निवास-भोजनातून चार पैसे मिळू लागले. संरक्षण आणि उपजीविका यांची सांगड घातली गेली, म्हणूनच ते काम टिकले.

राष्ट्रांच्या पातळीवरही हाच अनुभव आहे. हिंदी महासागराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे तीत सहभागी झाली होती. कोणत्याही एका देशाला ते काम पेलले नसते. या मोहिमेचेच फलित म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथे आज तिचे मुख्यालय आहे.

जेथे सहकार्य नव्हते, तेथे काय घडले हेही विसरता येत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटांना तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास सुमारे दोन तास लागले. किनारा रिकामा करण्यास तेवढा अवधी पुष्कळ होता. परंतु हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर देश एकत्र आले. २००७ मध्ये हैदराबाद येथे भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले आणि आज भारत, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया हे तीन देश हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील राष्ट्रांना सावध करतात. जे शहाणपण आपत्तीनंतर सुचले, ते आधी सुचले असते तर किती घरे वाचली असती!

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. सहकार्य आणि संरक्षण यांच्या गोष्टी करणारे सभागृहात बसतात. त्याची किंमत मात्र छोटा मच्छीमार मोजतो. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा कोळी समाजाचा रिवाज म्हणजे कायद्याच्या आधीचा कायदाच होता. पण एकाने होडी ओढून ठेवायची आणि दुसऱ्याने बारीक आसाचे जाळे घेऊन त्याच पाण्यात शिरायचे, असे घडले तर संयम पाळणारा मूर्ख ठरतो. मग पुढच्या वर्षी तोही संयम सोडतो.

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर सहकार्य सोडून देणे हे नसून ते खालपर्यंत नेणे हे आहे. नियम शेजारच्या राज्यांनी एकाच वेळी पाळावेत. बंदीच्या काळात लहान मच्छीमाराच्या घरी चूल पेटेल याची तजवीज असावी. चुकून सागरी सीमा ओलांडणाऱ्या गरीब खलाशाला वर्षानुवर्षे परक्या तुरुंगात सडावे लागू नये. आणि वारा, भरती, माशांचे थवे यांविषयी कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जे ठाऊक आहे, त्याला शास्त्रज्ञांनी ज्ञान म्हणूनच मान द्यावा.

आणि आपण? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य-मासा घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांसाठी, कोणत्या आकाराहून लहान मासा पकडू नये, याचे नियमही केले. हे नियम बंदरावर पाळले जावेत असे वाटत असेल, तर ते बाजारातही पाळले गेले पाहिजेत. तळहातात मावणारे इवलेसे पापलेट दिल्लीच्या बाजारात दिसले, तर ते विकत न घेणे आपल्या हाती आहे. नाल्यात पिशवी न टाकणेही आपल्याच हाती आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर कोणीतरी वाकून एक क्रमांक वाचला. आपल्या वाट्याचे वाकणे एवढेच आहे.