रोहिणीला ग्रह आहे की नाही?

मेच्या अखेरीस सूर्य रोहिणीत आला की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. पुराणातली चंद्राची ही लाडकी पत्नी प्रत्यक्षात सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर असलेला तारा आहे. नारिंगी, म्हातारा आणि सूर्याच्या सुमारे ४४ पट फुगलेला.

त्याच्याभोवती ग्रह असावा, अशी शंका १९९३ मध्ये व्यक्त झाली. ग्रह कोणी पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात. रोहिणीच्या बाबतीत हे सुमारे ६३० दिवसांच्या अंतराने घडताना दिसत होते. २०१५ मध्ये आर्टी हॅट्झेस आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या नोंदी मांडून गुरूच्या सहापट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर केले. तारा फुगण्यापूर्वी तिथे पृथ्वीसारखे तापमान असू शकेल, अशी कल्पनाही पुढे आली. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने अधिक नोंदी तपासल्या, तेव्हा तो दावा डळमळीत झाला. राक्षसी ताऱ्याचा पृष्ठभाग स्वतःच उचंबळतो आणि ग्रहासारखाच भास निर्माण करू शकतो.

गॅमा ड्रॅकोनिस या दुसऱ्या राक्षसी ताऱ्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००३ ते २०११ या काळात तिथे ७०२ दिवसांचे आवर्तन स्वच्छ दिसत होते. नंतर ते थांबले आणि २०१४ मध्ये वेगळ्या लयीत परतले. खरा ग्रह असा रजेवर जात नाही! तिथे ग्रह नसावा, असे २०१८ मध्ये सांगणाऱ्या चमूचे प्रमुखही हॅट्झेसच होते.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे. डॉक्टरांबद्दलची तक्रारही हीच असते. पण दवाखान्यात पाऊल टाकताच अनेकांचा रक्तदाब वाढतो आणि घरी तो नेहमीसारखा असतो. एकाच नोंदीवर जन्मभराची गोळी सुरू करणारा डॉक्टर ठाम वाटेल, पण रुग्णाच्या भल्याचा असेलच असे नाही. पुन्हा मोजणारा आणि गरज पडल्यास निदान बदलणारा डॉक्टर अधिक भरवशाचा.

चूक दुरुस्त होणे ही विज्ञानाची नाचक्की नव्हे, ती त्याची प्रकृती ठणठणीत असल्याची खूण आहे. काळजी वाटावी ती कधीच मत न बदलणाऱ्यांची. चमत्कारी औषधे विकणारे बहुधा त्याच जातीचे असतात.

म्हणून बातमी नव्या ग्रहाची असो वा नव्या औषधाची, वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. मोजमाप किती काळ झाले? दुसऱ्या कोणी ते पडताळले का? हेच लक्षण वेगळ्या कारणाने दिसू शकते का? रोहिणीच्या ग्रहाचा अंतिम निकाल लागायला वेळ लागेल. तोवर ‘संशयित’ हेच त्याचे प्रामाणिक निदान.